५०-० म्हणजे वर्ल्ड क्लास? काहीही!

जॅबवाला:
काल इथे एकाने ठोकून दिलं, "अमेरिकेचा बॉक्सर मेवेदर ५०-० (पन्नास जिंकल्या, हार शून्य), विषय संपला, जो हरतो तो वर्ल्ड क्लास नाही." कमेंटमध्ये मावेना म्हणून वेगळा धागा. अरे, त्या पन्नासातला शेवटचा कोण? मॅकग्रेगर, एमएमएवाला (लाथा-कुस्ती सगळं चालतं तो खेळ)! प्रोफेशनल बॉक्सिंगमधली त्याची पहिलीच फाइट, २०१७. ती जिंकून हे साहेब जुन्या हेवीवेट चॅम्पियन मार्सियानोच्या ४९-० च्या पुढे. फिलिपिन्सच्या चॅम्पियन पॅक्यावशी फाइट होणार होणार हे २००९ पासून ऐकतोय, झाली २०१५ ला, तोवर मार्केझने पॅक्यावला तोंडावर झोपवलेला. शून्य जपता येतं हो, त्याचं पदक मॅचमेकरला (समोर कोण ते ठरवणाऱ्याला) द्या. मी बघतो ते एवढंच की समोर कोण होता, तो तेव्हा भरात होता का, आणि ठरवलेलं फसल्यावर ह्याने पुढच्या राउंडला काय बदललं. युक्रेनचा लोमाचेन्को दुसऱ्याच प्रो फाइटला सालिडोकडून हरला (सालिडो वजनात बसलाच नव्हता, ते एक सोडा) आणि तिसऱ्या फाइटला गॅरी रसेलला हरवून चॅम्पियन. तो तुमच्या हिशेबात बाद का?

बेल_वाजली:
झालं, मेवेदरच्या नावाने शिमगा सुरू. मेवेदरने हरवलेला कोरालेस सोयीस्कर विसरलात? २००१, दोघंही अपराजित, पाच वेळा खाली पाडला, शेवटी कोरालेसच्याच कोपऱ्याने (कोच मंडळींनी) फाइट थांबवली. २०१३ ला मेवेदरसमोर आलेला मेक्सिकोचा कानेलोपण अपराजित होता. मार न खाणं हीच कला आहे, तुम्हाला रक्त दिसल्याशिवाय बॉक्सिंग वाटत नाही.

जॅबवाला:
कानेलो २३ वर्षांचं पोरगं, त्यात १५२ पाउंडाचं कॅचवेट (नेहमीचा वजनगट सोडून आपसात ठरवलेलं वजन). कोरालेस दिला, जा. देवघरात ठेव.

हरयाणा_फॅन_पुणे:
सगळं परदेशी कौतुक. आपला विजेंदर १२-० होता तेव्हा कुणी धागा काढला? बीजिंगचं ब्राँझ, मग २०१६ ला दिल्लीत केरी होपला हरवून डब्ल्यूबीओ (जागतिक बॉक्सिंग संघटना) एशिया पॅसिफिक बेल्ट. पण नाही, क्रिकेटमधून डोकं वर काढाल तर ना.

बेल_वाजली:
त्या बारात जगातल्या टॉप टेनमधला एक दाखव. एक.

मांडवीकर:
१३ वी आमच्या पणजीत झाली की, मार्च २०२१, कॅसिनोच्या बोटीच्या छतावर. खाली जुगार, वर बॉक्सिंग. लोप्सान नावाच्या रशियनने पाचव्या राउंडला आटोपलं. भावाबरोबर पैज लावली होती, अजून आठवण काढून छळतो.

हरयाणा_फॅन_पुणे:
३५ वर्षांचा होता, मधे कोविड, वर्षाच्या वर रिंगमधे उतरला नव्हता. हसायला काय जातंय? त्याच्याआधी कुठला ऑलिम्पिक मेडलवाला आपल्याकडून प्रो झाला ते सांगा. परत सांगतो, ब्राँझ रस्त्यात पडलेलं मिळत नाही.

जिल्हा_सिल्व्हर:
ब्राँझला कोण नावं ठेवतंय? पण ते चार राउंडचं बॉक्सिंग, हे प्रोचं बाराचं. मी जिल्ह्यापर्यंत खेळलोय म्हणून सांगतो. एकदा मिलिटरीतल्या एकाबरोबर सहा राउंड स्पारिंगला उभा राहिलो, तीन राउंड मी राजा, चौथ्याला हात वरच जाईनात, तो मात्र तेवढ्याच शांतपणे बरगडीत देत होता, डोक्याला हातच लावला नाही त्याने. दोन आठवडे शिंकताना रडू यायचं. बॉडीचे पंच टीव्हीवर दिसत नाहीत, नवव्या-दहाव्या राउंडला त्यांचं व्याज दिसतं. आणि जजिंगवर तर बोलायलाच नको, माझ्या फायनलला एक जज आयोजकाचा मेहुणा होता.

बेल_वाजली:
आला मेहुणा. दर धाग्यात येतो.

जिल्हा_सिल्व्हर:
तू ग्लोव्हज घातलेस कधी? की नुसता रिमोट?

बेल_वाजली:
स्वयंपाक येत नसला तरी आमटी खारट झालेली कळते.

लंडनवाला_सातारकर:
भांडा निवांत. गेल्या वर्षी जुलैला... नाही, नेमकं सांगतो, जुलै २०२५ ला लंडनच्या वेम्बलीत हेवीवेट उसिकने इथल्या डुबोईसला पाचव्या राउंडला झोपवला तेव्हा मी वरच्या स्टँडमधे होतो, आजूबाजूला सगळे डुबोईसवाले. पण मला विचाराल तर मे २०२४ ची रियाधची उसिक-फ्युरी फाइट बघा. मधल्या राउंडना फ्युरी त्याला खेळवत होता, अपरकट, बॉडी, सगळं. उसिक गडबडला नाही, जवळ सरकत राहिला आणि नवव्याला असा धरला की फ्युरी दोऱ्यांवर लटपटत इकडून तिकडे, काउंट मिळाला म्हणून वाचला. क्रूझरवेटमधून (हेवीवेटच्या खालचा वजनगट) आलेला माणूस आहे हा, समोर केवढा डोंगर! जॅबवाला म्हणतो ते हेच. फक्त एक गोची, वेम्बलीनंतर उसिकपण २४-०.

बेल_वाजली:
वा! म्हणजे शून्य उसिकचं असलं की कर्तृत्व, मेवेदरचं असलं की मॅचमेकरची कृपा.

जॅबवाला:
उसिक २०२१ ला लंडनमधे जाऊन जोशुआच्या प्रेक्षकांसमोर बेल्ट घेऊन आला. क्रूझरवेटचे चारही बेल्ट २०१८ ला गासिएव्हकडून मॉस्कोत जाऊन पूर्ण केले, युक्रेनचा माणूस, मॉस्कोत! मेवेदर २००६ पासून लास वेगासच्या बाहेर एक प्रो फाइट लढला का?

बेल_वाजली:
ज्याच्याकडे लोक स्वतःहून येतात त्याने कशाला सुटकेस भरायची? बरं, मॉस्कोचं मान्य, छाती लागते. मॅकग्रेगरचंपण मान्य, पैशासाठीच होती. ४९-० धरा. खूश?

हरयाणा_फॅन_पुणे:
विजेंदरनेपण पहिली प्रो फाइट मँचेस्टरला जाऊनच खेळली होती, २०१५.

मांडवीकर:
अरे देवा.