सिमेंट भरलं म्हणजे दात कायमचा वाचला असं नाही

किडलेल्या दाताबद्दल एकांनी लिहिलंय, "एकदा सिमेंट भरलं की त्या दाताची काळजी मिटली." माझाही हाच समज होता. खालच्या दाढेत १२ वर्षांपूर्वी चांदी भरलेली. ठणका नाही, काही नाही. फक्त फ्लॉस फिरवला की दोरा त्याच जागी अडकून पिंजायचा आणि मेथीची भाजी खाल्ली की पान तिथेच रुतायचं. डॉक्टरांनी बाइटविंग एक्स-रे (दातांत पट्टी चावून धरून काढतात तो) काढला, तर त्यात पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या चांदीच्या खाली, हिरडीलगत, काळी सावली, म्हणजे नवी कीड! कीड बहुधा तिथेच धरते, कारण दोन दातांमधल्या फटीत ब्रश पोचत नाही आणि आरशात काही दिसत नाही.

मात्र फिलिंगच्या कडेला नुसती तपकिरी रेघ दिसली म्हणून ते लगेच उकरून घेऊ नका. तो चहाचा डागही असू शकतो, आणि फिलिंग बदलताना दर वेळी थोडा चांगला दातही जातो. रूट कॅनल झालेल्या दाताचं तर आणखी अवघड. नसच काढलीय, मग कीड लागली तरी दुखणार काय?

रात्री फ्लोराइडच्या पेस्टने घासा, थुंका, पण नंतर खळखळून चूळ भरू नका. आईला हे पटवायला मला आठवडा लागला.