जुन्या जीपला मॅट फिनिश द्यावा की साटन?

अजिंक्यतारा_११ (सातारा):
नमस्कार. माझ्या जुन्या महिंद्रा जीपचे पत्र्याचे काम आणि लांबी (पुट्टी) भरणे पूर्ण झाले असून आता रंग द्यायचा आहे. लष्करी हिरवा रंग आणि अजिबात न चमकणारा म्हणजे मॅट फिनिश असा विचार आहे. गॅरेजमधील पेंटरच्या मते नेहमीचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग व क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मारून वरून 2000 नंबरचा पाणीपेपर फिरवला की चकाकी जाते, तर रंगाच्या दुकानदाराने थिनर वाढवण्यास सांगितले. यांपैकी कोणती पद्धत टिकेल? आणि काम पावसाळ्यातच काढावे का?

मिरजेचा_बूथ:
दोन्ही सल्ले मला पटत नाहीत. पाणीपेपरने पृष्ठभागावर बारीक ओरखडे उठतात, जे उन्हात एका दिशेने दिसतात. शिवाय दाराच्या कडीजवळ जिथे रोज हात लागतो तिथे घासून पुन्हा चमक येते. थिनर वाढवल्याने थर पातळ होतो आणि ओघळ येतात. मंदपणा त्यातून मिळत नाही.

मॅट क्लिअरमध्ये सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात. थर वाळून आक्रसला की ते वरचा पृष्ठभाग किंचित खडबडीत करतात आणि प्रकाश विखुरतो. हे कण डब्याच्या तळाशी बसतात, म्हणून क्लिअर तळापासून ढवळावे आणि पूर्ण गाडीला लागणारे सगळे डबे आधी एकत्र करून घ्यावेत; हार्डनर (थर घट्ट करणारे द्रव्य) मात्र लागेल तेवढ्याच भागात मिसळावा, कारण मिसळल्यावर ते फार काळ वापरण्याजोगे राहत नाही. पहिला हात सर्वत्र सारखा मंद दिसेपर्यंत दुसरा मारू नये. घाई केली, किंवा एका ठिकाणी थर जाड बसला, तर तेवढाच भाग चमकतो आणि तो पॉलिशने दुरुस्त करता येत नाही. चकचकीत क्लिअरवर धुळीचा कण बसला तर घासून काढता येतो. मॅटवर तो पूर्ण भागच पुन्हा रंगवावा लागतो. यामुळे माझ्या मते या कामात स्प्रे गनइतकेच महत्त्व धुळीच्या बंदोबस्ताला आहे. भंगारातल्या एखाद्या पत्र्यावर त्याच गनने, त्याच हार्डनरने नमुना मारून तो पूर्ण वाळल्यावर उन्हात पाहावा, कारण ओल्या थराची चमक फसवी असते.

बूथ (रंगकामाची बंदिस्त खोली) नसलेल्या गॅरेजमध्ये साताऱ्याच्या जुलैमधील दमट हवेत हे काम काढू नये, दिवाळीनंतर काढावे. हार्डनरमधील आयसोसायनेट हे रसायन श्वसनाला घातक असते. तोंडाला रुमाल बांधून त्यापासून बचाव होत नाही, हे पेंटरला आवर्जून सांगा.

कृष्णाकाठ:
रंगाविषयी एक अडचण आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 121 नुसार ऑलिव्ह ग्रीन म्हणजे लष्करी हिरवा रंग केवळ संरक्षण विभागाच्या वाहनांना देता येतो. अपशिंग्यासारखे सैनिकांचे गाव असलेल्या आपल्या जिल्ह्यात या रंगाचे आकर्षण स्वाभाविक आहे, परंतु नियमाला त्याने फरक पडत नाही. वाळूचा किंवा राखाडी रंग निवडावा. शिवाय आरसीवर रंगाची नोंद असते, त्यामुळे डबा विकत घेण्यापूर्वीच आरटीओत चौकशी करावी.

अजिंक्यतारा_११:
नियमाची कल्पना नव्हती. राखाडी रंग घेतो. पूर्ण मॅटऐवजी साटन (मंद चमक असलेला फिनिश) घेतल्यास देखभाल सोपी होईल का?

मिरजेचा_बूथ:
होय. चकाकी 60 अंशांच्या कोनातून मोजतात. नवी चकचकीत गाडी चकाकीच्या 90 एककांच्या आसपास भरते, साटन साधारण तिशीच्या आसपास आणि पूर्ण मॅट दहाच्या खाली. रोज वापरायच्या जीपला मी साटनच सुचवेन, कारण हाताचे डाग त्यावर कमी उठून दिसतात आणि पुसणेही सोपे जाते. त्यावरही मेण, पॉलिश किंवा ब्रशचे वॉशिंग चालत नाही. सौम्य शांपू, भरपूर पाणी आणि मऊ कापड एवढेच वापरावे. पक्ष्यांची विष्ठा आणि टाकीपाशी सांडलेले पेट्रोल त्याच क्षणी धुवावे, कारण डाग मुरल्यास त्या भागाला पुन्हा क्लिअर मारण्याखेरीज इलाज राहत नाही.