आयुष्य कमी होत नाही, म्हणून आजार लहान ठरतो का?

अंत्रुजकर (फोंडा)
माझ्या धाकट्या भावाला शार्को-मारी-टूथ, म्हणजे सीएमटी आहे. बाबांनाही होता, पण ‘पाय वाकडे’ यापलीकडे त्यांना कुणी काही सांगितलं नाही. १८८६ मध्ये वर्णन झालेला हा आनुवंशिक विकार साधारण अडीच हजारांत एकाला होतो. हातापायांच्या टोकांकडच्या नसा हळूहळू निकामी होतात. पोटऱ्या बारीक होतात, तळव्याची कमान उंच होते, पाऊल लोंबतं, पुढे बोटांतली पकड जाते. आयुर्मान मात्र बहुतेकांचं कमी होत नाही. एवढं ऐकलं की नातेवाइकांपासून सुपरवायझरपर्यंत सगळे निश्चिंत होतात!

भाऊ कुंडईच्या कारखान्यात दिवसभर उभा असतो. सकाळी धडधाकट दिसतो. संध्याकाळी कदंबा बसची पायरी चढताना त्याला पाय हाताने उचलावा लागतो. पावसात शेवाळलेल्या चिऱ्यांवरून चालायची त्याला धास्ती वाटते. देवळात बूट काढले की आतली, पाऊल सावरणारी स्प्लिंटही निघते आणि अनवाणी तळव्यांना जमीन धड कळत नाही. जत्रेला जाणं त्याने सोडलंय. आणि दाखल्यावर अपंगत्व ४० टक्क्यांच्या खाली! ही मोजणी बदललीच पाहिजे.

साखळीकर
सहानुभूती आहे, पण मत पटत नाही. पायांच्या मूल्यमापनात उतारावर चालणं, जिना चढणं, मांडी घालून बसणं हेही तपासतात. नुसतं ‘मी दमतो’ यावर टक्के द्यायला लागलो तर खोट्या दाखल्यांना ऊत येईल आणि सरकारी नोकरीतल्या ४ टक्के राखीव जागा ज्यांना खरी गरज आहे त्यांच्या हातून जातील. शिवाय ४० ची अट आरक्षणासारख्या लाभांना आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने सरकारी आस्थापनांनी अपंग कर्मचाऱ्यांना वाजवी सोयी द्यायच्या आहेत, त्यांना ती अट नाही.

अंत्रुजकर
भाऊ सरकारी नोकरीत नाही हो. आणि तपासणी होते ती सपाट फरशीवर, ताज्या पायांनी. दम मोजता येत नाही असंही नाही. सहा मिनिटं चालायला लावून अंतर मोजायची चाचणी डॉक्टर वापरतातच की.

पेडण्याची फिजिओ
तुम्ही दोघेही दाखल्यापाशीच अडलात. माझ्याकडे लोक येतात ते घोटा पुन्हा पुन्हा मुरगळल्यावर, टाच वर खेचली गेल्यावर. स्प्लिंट आणि रोजचं ताणणं लवकर सुरू झालं तर पडणं कमी होतं, चालण्यात कमी शक्ती जाते. उशीर का होतो? ‘मुलीचं लग्न होऊ दे, मग बघू.’ नेहमीच्या प्रकारात प्रत्येक अपत्याला ५० टक्के शक्यता असते, तरी घरात कुणी बोलत नाही. निदान डॉक्टरांना तरी सांगा. विन्क्रिस्टीन हे कर्करोगावरचं औषध सीएमटीत नसांचं फार नुकसान करू शकतं.

म्हापशाची सून
ताई, औषधाचं सांगितलंत ते बरं केलंत. पण लपवण्याचा दोष आमच्यावर टाकू नका. मी स्थळ आलं तेव्हाच सांगितलं होतं. पुढचा निरोप आलाच नाही. नंतरच्या स्थळाला सांगितलं, लग्न झालं, आता दर चवथीला ‘मूल कसं होईल?’ हा प्रश्न. ब्लाउजचे हूक मला लागत नाहीत, विळीवर बसले की उठवत नाही, पावसाळ्यात पावलं गार पडून रात्री पेटके येतात. यातलं निम्मं सोसता येतं, पण त्यावर बोललं की ‘आळशी’ म्हणतात. मला टक्के नकोत. स्वयंपाकघरात ओटा आणि उंच स्टूल हवं होतं, ते मागायला मला कित्येक वर्षं लागली.

साखळीकर
वहिनी, तुमचं वाचून एवढं मान्य करतो की प्रश्न दाखल्यापेक्षा मोठा आहे. सहा मिनिटांची चाचणी जोडायलाही हरकत नाही, पण तीही सकाळीच होणार. अंत्रुजकर, तुमच्या भावाला टक्क्यांआधी बसून करायचं काम मिळायला हवं. खाजगी कारखान्यांवर तसं बंधन घालण्याची मागणी करा, सही मी देतो. ४० चा आकडा खाली आणण्याला माझा विरोध कायम आहे.