अंतराळातला देवमासा पिलाला हाक कशी मारेल?

मिरजेची_जवारी:
मुलांसाठी विज्ञानकथा लिहितेय. शनीभोवती हिंडणाऱ्या प्राण्यांचा कळप आहे. घडण देवमाशाची, आकार मात्र अफाट. आपला निळा देवमासा ३० मीटरपर्यंत वाढतो, माझी मादी अर्धा किलोमीटर लांब. नाव ठेवलंय महामीन. पाठीवर पातळ काळे पडदे, ऊन शोषायला. पिलाला घेऊन कड्यांमधला बर्फ चरत फिरते.

अडलंय ते आवाजापाशी. आमच्या घरी तंबोरे बनतात. तारा चढवून जवारी काढली, म्हणजे तार गुंजावी अशी घोडी घासली, की वाद्य बोलतंय की नाही, हे घरातलं कोणीही सांगतं. अशा घरात वाढल्यामुळे असेल, मुका देवमासा मला लिहवतच नाही. निळ्या देवमाशाचा खर्ज २० हर्ट्झच्या आसपास, माणसाच्या कानाच्या अगदी तळाशी, आणि पाण्यातून शेकडो किलोमीटर जातो. पोकळीत ना पाणी ना हवा. पिलू चुकलं तर आई बोलावणार कशी? ‘त्यांना एकमेकांच्या मनातलं कळतं’ ही पळवाट नको, मुलं लगेच पकडतात.

ध्रुव_सातारा:
ताई, रेडिओलहरी घ्या. गुरूकडून त्या येतात हे १९५५ मध्येच कळलं होतं. शनीच्याही कॅसिनी यानाने वर्षानुवर्षं टिपल्या, आणि त्यांची लांबी साधारण किलोमीटरच्या घरात असते. आता गंमत बघा. अँटेना लहरीच्या निम्म्या लांबीची असली की उत्तम चालते. प्राण्याचं अंगच अँटेना धरा. तुमची मादी अर्ध्या किलोमीटरची, तिची लहर एक किलोमीटरची, म्हणजे तिचा आवाज नेमका शनीच्या या रेडिओ-गोंगाटात पडतो. पिलू ५० मीटरचं धरलं तर त्याची लहर १०० मीटरची, सुमारे ३ मेगाहर्ट्झ, त्या गोंगाटाच्या बरीच वर. आईला पिलू स्वच्छ ऐकू येईल, पिलाला आई शोधावी लागेल. कड्यांच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक पोचायला सेकंदही लागणार नाही.

कृष्णाकाठ:
आवाजाचं पटलं, पण खाण्याचं बघा. नुसत्या बर्फात ऊर्जा नसते. समुद्रातला देवमासा क्रिल म्हणजे कोळंबीसारखे इवले जीव खातो, त्या क्रिलमध्ये शैवालाने साठवलेलं ऊन असतं. शनीपाशी ऊन पृथ्वीच्या जेमतेम नव्वदावा हिस्सा, एवढ्यावर एवढं धूड पोसणं कठीण. त्यापेक्षा तिला एन्सेलाडसकडे न्या. त्या चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतून पाण्याचे फवारे उडतात. त्यात क्षार आहेत, सेंद्रिय रेणू आहेत आणि हायड्रोजनही. पृथ्वीवर हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर जगणारे सूक्ष्मजीव आहेतच. तसले तिच्या पोटात राहू द्या.

मिरजेची_जवारी:
दोघांचेही मनापासून आभार. कड्यांचा भाग काढून टाकते, कळप एन्सेलाडसच्या फवाऱ्यांतच चरेल.
ध्रुवदादा, तुमच्या हिशेबातून तर कथाच मिळाली. पिलू वाढेल तसा त्याचा आवाज उतरत जाणार, आणि एक दिवस शनीच्या गोंगाटात बुडणार. वयात येतं तेव्हाच ते आईला ऐकू येईनासं होतं. मग दोघांनी अंगाला अंग लावलं तर कंपन पोचेल ना?

ध्रुव_सातारा:
पोचेल. मध्ये पोकळी राहिली नाही की झालं. फक्त दोघांचा वेग आणि दिशा जुळवून घ्या. त्या कक्षेत सगळंच सेकंदाला १२ किलोमीटरहून जास्त वेगाने पळतंय, जरा फरक पडला तर भेट नव्हे, टक्कर होईल.