प्रतिसाद: ओढ्याकाठचं स्केचिंग आणि आपली तलावपाळी
दक्षिण कोरियातल्या सोल शहरात चॉंगग्येचॉन ओढ्याकाठी सगळ्यांनी मिळून केलेल्या स्केचिंगबद्दलचा लेख वाचून फार आनंद झाला. वरचा उड्डाणपूल पाडून तो झाकलेला ओढा २००५ मध्ये खुला केला, म्हणून तर आज तिथे काठावर बसता येतं! ठाण्यात आपल्याला असं काठावर बसायला मासुंदा तलाव, म्हणजे तलावपाळी आहे, कौपिनेश्वराचं देऊळही जवळच.

नवीन मंडळींना मनापासून सांगते, पाणी दिसलं की लगेच निळा रंग घेऊ नका. आधी नीट बघा. गडद झाडाचं प्रतिबिंब झाडापेक्षा जरा फिकं दिसतं, पांढऱ्या भिंतीचं जरा गडद. सावल्या सुरुवातीलाच आखून घ्या, ऊन सरकत राहतं. पावसाळ्यात कागद वाळता वाळत नाही, तेव्हा जलरंगापेक्षा पेन्सिल बरी. आणि उठण्याआधी सगळ्यांच्या वह्या कट्ट्यावर शेजारी शेजारी मांडाच.