आई एकटीच कन्यादानाला बसली तर? गुरुजी कसे ठरवायचे?

रानजाई

नमस्कार मंडळी, लांबलंय, सांभाळून घ्या. धाकट्या बहिणीचं लग्न फेब्रुवारीत आहे, साताऱ्यात. कार्यालय झालं, केटररला अॅडव्हान्स गेला आणि अडलंय ते गुरुजींवर. बाबा जाऊन चार वर्षं झाली. आमचे घरचे गुरुजी दादाच्या मुंजीपासून येतात, बाबांचं सगळं त्यांनीच केलं आणि तेव्हा पैशाचं अक्षर काढलं नाही, त्यामुळे माणूस वाईट नाही हे आधीच सांगते. पण सामानाची यादी द्यायला आले तेव्हा चहा पिता पिता सहज म्हणाले, कन्यादानाला काका-काकू बसतील ना, मग त्यांची नावं लिहून ठेवतो. आई समोरच उभी होती. काही बोलली नाही, कप उचलले आणि आत गेली. रात्री बहीण म्हणते आई बसणार नसेल तर मी रजिस्टर करून मोकळी होते, आणि गंमत म्हणजे काका स्वतःच म्हणतायत की वहिनीच बसू दे, मला कशाला मधे घालता. मुलाकडचे कोल्हापूरचे, त्यांचं म्हणणं विधी तुम्ही ठरवा, फक्त मंगलाष्टकं आणि सप्तपदी रीतसर व्हायला हवी कारण घरात आजी आहेत.

तर आई एकटी बसली तर चालतं का? का सरळ दुसरे गुरुजी बघू, पुण्याहून स्त्री पुरोहित बोलवू? घरच्यांना नाही म्हणायचं कसं हाही प्रश्नच आहे.

पेठेतला_पाहुणा

बिनधास्त बोलवा. पुण्यात शंकरराव थत्त्यांनी उद्यान कार्यालयात बायकांना पौरोहित्य शिकवायला घेतलं त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली, आता त्यात नवल राहिलेलं नाही. ज्ञान प्रबोधिनीतही शिकवतात, बायका-पुरुष दोघांना आणि जात न बघता. माझ्या मुलीचं लग्न तिथल्याच एका बाईंनी लावलं. आधी घरी येऊन दीड तास बसल्या, कुठला विधी कशासाठी ते सांगितलं, काय ठेवायचं काय गाळायचं ते आम्हाला विचारलं. लग्नात मंत्र झाला की लगेच मराठीत अर्थ. नातिचरामि म्हणजे नक्की कसलं वचन ते जावयाला आणि मला एकाच दिवशी कळलं, माझ्या लग्नाला तेव्हा एकतीस वर्षं झाली होती! एकच, जेवणाची घाई असलेल्या पाव्हण्यांना ते लांबल्यासारखं वाटतं. आणि तारीख धरायला आत्ताच फोन करा, मुहूर्ताच्या दिवसांत कोणीच मोकळं नसतं.

सुपारीवाली

रानजाई, तुझ्या आईचं वाचून पोटात तुटलं गं. आमच्याकडची गोष्ट सांगते. मामी गेल्यावर मामाने मुलीचं लग्न केलं तर गुरुजींनी त्याच्या कमरेला सुपारी खोचली, ही पत्नीच्या जागी, आणि मामा बसला एकटा, कोणी हूं की चूं केलं नाही. दोन वर्षांनी माझ्या लग्नात आई एकटी, तर म्हणे चालत नाही. मी विचारलं बाबांच्या जागी सुपारी ठेवा की मग. त्यावर म्हणाले, तशी पद्धत नाही. म्हणजे बायकोच्या जागी सुपारी चालते आणि नवऱ्याच्या जागी नाही! आम्ही दुसरे गुरुजी बघितले. ते तरुण होते, त्यांनी आईला बसवलं, फक्त पाण्याची धार कोण धरणार एवढं विचारलं, कारण एरवी वडील हात धरतात आणि आई वरून धार सोडते. आमच्यात मावशीने धरली. खाली काशाच्या ताटात पाणी पडत होतं तो आवाज अजून कानात आहे.

निवांत_नाना

सगळे घरचे गुरुजी बदला म्हणतायत म्हणून उलट लिहितो. ज्या माणसाने बाबांचं सगळं केलं त्याला एकदा तोंडावर विचारा तरी. बरेचदा ते सवयीने बोलतात, हट्टाने नाही. कार्यालयाच्या ओळखीतला गुरुजी घेऊ नका एवढं मात्र सांगतो, आमच्याकडे एक आले होते त्यांचा त्याच दिवशी दुसरीकडे मुहूर्त होता, सप्तपदी अशी उरकली की माझी सून चौथ्या पावलावर असताना ते सातवा मंत्र म्हणून मोकळे. आणि कायद्याचं भय कोणी घातलं तर ऐकू नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ मध्ये रूढीप्रमाणे विधी आणि सप्तपदी येते, कन्यादान येत नाही, अलाहाबाद हायकोर्टानेही २०२४ मध्ये तेच म्हटलंय. कोणालाही ठरवा पण विवाह नोंदणीच्या नमुना ड वर सही देणार का ते आधी विचारा. तिथे पुरोहिताची सही लागते आणि लग्नानंतर गुरुजी फोन उचलत नाहीत, स्वानुभव. नव्वद दिवसांत नोंदणी करून टाका.

बहिणीला सांगा, रजिस्टरवालं लग्नही लगेच होत नाही, ३० दिवस आधी नोटीस लागते :)

ओतूरकर

गुरुजीच कशाला हवेत? जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला आणि तीन महिन्यांत, २५ डिसेंबर १८७३ ला, भटजीशिवाय पहिलं लग्न लावलं. मंगलाष्टकंही मराठीत रचली, त्यात नवरा-नवरी एकमेकांशी बोलतात. आमच्या ओतूरला तर जोशांनी आपली दक्षिणा बुडाली म्हणून कोर्टकचेरी केली होती त्या काळात. माझ्या भावाचं असंच लावलं, पाऊण तासात आटोपलं. पण तुमच्या कोल्हापूरच्या आजींना झेपणार नाही बहुतेक.

बाकी एक विचारतो, राग मानू नका. एवढं सगळं वाचलं, पण आईला बसायचंय का हे कोणी आईला विचारलंय?

रानजाई

ओतूरकर, नव्हतं विचारलं. लाज वाटली वाचून. काल पोळ्या करताना विचारलं तर म्हणाली, बसायचंय, पण तुम्ही कोणी त्यांच्याशी भांडायला जाऊ नका, मीच बोलते. आणि पिठाच्या हातानेच फोन लावला, स्पीकरवर. गुरुजी बराच वेळ गप्प. मग म्हणाले, वहिनी, मी आजवर असं केलेलं नाही. आई म्हणाली, मी तरी कुठे केलंय. परत गप्प. मग म्हणाले, बरं, मंडपात कोणी काही बोललं तर उत्तर तुम्ही द्यायचं, मी नाही देणार. आणि धार कोण धरणार?

मी मागून ओरडले, मी!

नमुना डचं पण विचारून घेतलं नाना, सही करतो म्हणाले. आजींना अजून सांगितलेलं नाही, ते मुलाने बघायचं असं ठरलंय.