स्टॅच्यूएस्क : उंची हवीच

इंग्रजीतल्या 'स्टॅच्यूएस्क' (statuesque) या विशेषणाचा अर्थ कोणी कोणी 'पुतळ्यासारखी निश्चल' असा देतात. तो चूक नाही, पण माणसाच्या वर्णनात हा शब्द बहुतेकदा येतो तो उंच, भरदार बांध्याच्या आणि चालण्याबसण्यात डौल असलेल्या बाईसाठी. उंची त्यात गृहीतच असते. चेहरा कितीही रेखीव असो, सुबक ठेंगणीला कोणी स्टॅच्यूएस्क म्हणणार नाही! बारीक चणीच्या, नाजूक मुलीलाही नाही. पुरुषांसाठी तो क्वचितच दिसतो. त्यांच्या जबड्याला 'चिझल्ड', म्हणजे छिन्नीने कोरल्यासारखा, म्हणतात.

'पिक्चरेस्क' (चित्रासारखं देखणं) या शब्दाच्या धर्तीवर हा शब्द १९व्या शतकात रुळला. त्याचा जवळचा नातेवाईक म्हणजे 'जूनोएस्क', रोमन देवी जूनोवरून आलेला. त्यात भरदारपणावर जरा जास्त भर.

निश्चलतेचा अर्थ खेळाच्या इंग्रजी वार्तांकनात हमखास भेटतो. कॉर्नर किक आली, बचावफळी जागची हलली नाही, गोल झाला, की 'स्टॅच्यूएस्क डिफेन्डिंग'. पाय न हलवता बॅट फिरवणाऱ्या फलंदाजालाही हेच विशेषण. तिथे ते आपल्या 'पुतळ्यासारखा काय उभा राहिलास?'च्या जातीचं, म्हणजे सरळ टोमणा.

आणि ऑफिसातल्या सहकारी बाईंना कौतुक म्हणून हे ऐकवू नका. शब्द भारदस्त असला तरी शेरा शेवटी अंगकाठीवरच असतो.